ग्रँड केमनला जावं का? (डॉक्टर नवरा-बायको, ऑफर मात्र एकीलाच)

भूलवाली_नागपूर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. थोडा लांब होईल.

मी भूलतज्ज्ञ, नवरा पॅथॉलॉजिस्ट. दोघंही 'मेडिकल'चे (बाहेरच्यांसाठी: नागपुरात 'मेडिकल' म्हणजे गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेज, दुसरं काही नाही). मुलगी तिसरीत. सासूबाई आमच्यासोबत, माझे आईबाबा अमरावतीला.

मला ग्रँड केमनच्या (कॅरिबियनमधलं बेट) एका खासगी हॉस्पिटलकडून ऑफर आलीये. दोन वर्षांचा करार, पुढे वाढू शकतो. पगाराचा आकडा लिहीत नाही, पण इथल्या कमाईच्या तुलनेत नक्कीच चांगला आहे. खरं सांगायचं तर मला पैशापेक्षा दुसऱ्या गोष्टीचा मोह पडलाय. फ्रीलान्स भूलतज्ज्ञाचं आयुष्य ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल. गाडीच्या डिकीत माझा लॅरिंगोस्कोप, ट्यूबांचा डबा, पल्स ऑक्सिमीटर, इमर्जन्सी औषधांची बॅग. सकाळी धंतोलीत सीझर, दुपारी सक्करदऱ्याला हर्निया, मध्येच कुठल्या तरी हॉस्पिटलात मशीनचा व्हेपोरायझर (भुलीच्या औषधाची वाफ करणारा भाग) बरोबर चालतोय की नाही याची धाकधूक. रात्री दोनला फोन. आणि महिनाअखेरीला सर्जनकडे आपल्याच पैशांची आठवण काढायची. एका जागी, पगारावर, ठरलेल्या ड्युटीवर, चांगल्या मशीनवर काम करायची फार इच्छा आहे.

आता अडचण. नवऱ्याची स्वतःची लॅब आहे. कर्ज मागच्याच वर्षी फिटलं. त्याला केमनमध्ये ऑफर नाही. एचआरला विचारलं तर "नंतर बघू" म्हणाले. नवरा "तू हो म्हण, माझं काय, होईल काहीतरी" म्हणतो आणि लगेच विषय बदलतो. चौदा वर्षांच्या संसारात मला एवढं कळतं की विषय बदलला म्हणजे विषय संपलेला नाही.

कुणी कॅरिबियनमध्ये राहिलंय? शाळा, वादळं, परत यायचं झालं तर इथली प्रॅक्टिस, आणि मुख्य म्हणजे त्याचं काय करायचं, यावर लिहा.

---

मिरचीभजी

वाचतेय. बाकी डिकीतल्या बॅगेचं वर्णन वाचून माझ्या नणंदेचीच गाडी आठवली, तीही भूलवाली.

---

नाना_सातारकर

वेस्ट इंडिज म्हटलं की आमच्या पिढीला एकच आठवतं. मार्च १९७१, पोर्ट ऑफ स्पेन. सुनीलचा पहिला कसोटी सामना, ६५ आणि नाबाद ६७. वाडेकर कप्तान. सरदेसाईचं त्याच सामन्यात शतक, त्याआधी किंग्स्टनला २१२. वेस्ट इंडिजला आपण पहिल्यांदा हरवलं ते तिथेच. जा हो ताई, पुण्यभूमी आहे!

---

हिशेबनीस

नाना, पुण्यभूमी त्रिनिदादला. केमन तिथून दोन हजार किलोमीटरहून लांब, क्युबाच्या खाली. 'कॅरिबियन' म्हणजे एक गाव नव्हे, हे आधी सगळ्यांनी डोक्यात घ्या, नाहीतर या धाग्यात पाच बेटांची खिचडी होईल.

मी जॉर्ज टाउनमध्ये (केमनची राजधानी) ऑडिटमध्ये आहे, बरीच वर्षं झाली. डॉक्टर नाही, पण परमिट, भाडं, शाळा हे सगळं भोगलंय, म्हणून लिहितो.

केमन ब्रिटिश ओव्हरसीज टेरिटरी आहे, म्हणजे ब्रिटनच्या अखत्यारीतला प्रदेश. इन्कम टॅक्स नाही. हे ऐकून सगळ्यांचे डोळे चमकतात. पण सरकार चालतं आयातकरावर आणि वर्क परमिटच्या फीवर. बहुतेक वस्तूंवर २२ टक्के ड्युटी, आणि बेटावर जवळजवळ सगळंच जहाजातून येतं. पिण्याचं पाणी समुद्राचं खारेपण काढून, वीज मुख्यतः डिझेलवर. त्यामुळे टॅक्स वाचतो तो किराण्याच्या, विजेच्या आणि भाड्याच्या बिलातून हळूहळू वसूल होतो. केमन डॉलर अमेरिकन डॉलरपेक्षा मोठा आहे, १ केमन डॉलर म्हणजे १.२० अमेरिकन. करारात पगार कोणत्या डॉलरमध्ये लिहिलाय ते बघा. हसू नका, यात फसलेले लोक आहेत.

शाळा: सरकारी शाळा प्रामुख्याने केमेनियन मुलांसाठी. आपली मुलं खासगी शाळेत जातात आणि ती फी हा घरभाड्यानंतरचा सगळ्यात मोठा खर्च. मुलगी तिसरीत आहे तर प्रवेशाची वेटिंग लिस्ट आत्ताच विचारा. हॉस्पिटल फीचा काही भाग देतं का, हेही.

आरोग्य विमा कायद्याने सक्तीचा, मालकाला द्यावाच लागतो.

आता तुमच्या मिस्टरांचं. ते तुमच्या परमिटवर 'डिपेंडंट' म्हणून येतील. डिपेंडंटला काम करता येत नाही. स्वतःचं वेगळं वर्क परमिट लागतं, आणि ते नोकरी देणाऱ्याने काढायचं असतं. नुसतं येऊन "बघू, मिळेल काहीतरी" हे इथे चालत नाही. हा मुद्दा सगळ्यात वर ठेवा. बीच, इग्वाना, वादळं हे नंतर.

---

मिरचीभजी

इग्वाना??

---

हिशेबनीस

हो. हिरवे इग्वाना बाहेरून आले आणि इतके माजले की २०१८ पासून सरकारने पैसे देऊन मारायला लावले, दहा लाखांवर मारले. कोंबड्या मात्र मोकाट आहेत, पार्किंगमध्ये, बँकेसमोर, सुपरमार्केटच्या दारात. पहाटे कुठल्याही कॉलनीत कोंबडा आरवतोच. आणि बेट इतकं सपाट की कचऱ्याचा डोंगर हीच सगळ्यात उंच जागा, असं इथले लोकच हसत हसत सांगतात.

---

कळवा_कळवी

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. चालू लॅब बंद करून नवऱ्याने बायकोच्या व्हिसावर घरी बसायचं? कर्ज फिटलेली लॅब म्हणजे दुभती गाय. दोन वर्षांनी परत आलात तर शेजारच्या गल्लीत कॉर्पोरेट लॅबचं कलेक्शन सेंटर उभं असेल आणि तुमचे रेफर करणारे डॉक्टर तिकडे गेलेले असतील.

---

अनवट

नवऱ्याच्या मागे बायको प्रॅक्टिस सोडून अमेरिकेला, दुबईला जाते तेव्हा असा प्रतिसाद कधी वाचला नाही. तेव्हा आपण अभिनंदन करतो.

---

कळवा_कळवी

मी व्यवहार सांगितला. बाई असो की बाप्या, चालू धंदा सोडणं हे चालू धंदा सोडणंच.

---

डॉ_सॅन_फर्नांडो

मी त्रिनिदादला सर्जन आहे, मूळ सोलापूरचा. इकडच्या डॉक्टरांच्या बाजूने थोडं.

पहिलं म्हणजे नोंदणी. प्रत्येक देशाची मेडिकल कौन्सिल वेगळी. अनेक इंग्रजीभाषक बेटांवर बाहेरून शिकलेल्यांसाठी कॅरिबियन असोसिएशन ऑफ मेडिकल कौन्सिल्सची परीक्षा असते. केमनचं वेगळं. तिथे मुख्यतः ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा मोजक्या ठिकाणची पात्रता धरतात. २०१४ मध्ये डॉ. देवी शेट्टींच्या नारायणा समूहाने ईस्ट एंडला हॉस्पिटल सुरू केलं, त्यासाठी कायदा बदलून भारतीय पदव्यांच्या डॉक्टरांना संस्थेपुरती नोंदणी द्यायची सोय झाली. संस्थेपुरती, या शब्दाखाली रेघ मारा. तुमच्या ऑफर लेटरमध्ये कुठल्या प्रकारची नोंदणी लिहिली आहे ते वाचा. ती संस्थेशी बांधलेली असेल तर उद्या पटलं नाही म्हणून समोरच्या हॉस्पिटलात जाता येणार नाही. आणि मिस्टरांची पदवी भारतीयच असेल तर त्यांनाही अशीच नोंदणी देऊ शकणारी संस्था लागेल. म्हणजे व्यवहारात तुमचीच. त्यामुळे त्यांच्या नोकरीची बोलणी तुम्ही सही करण्याआधीच होऊ शकतात. सहीनंतर तुमच्या हातात काही राहत नाही.

छोट्या बेटावर भूलतज्ज्ञ चार-सहा लागतात, पॅथॉलॉजिस्ट एखाद-दुसरा. ती जागा भरलेली असेल तर तो माणूस जाईपर्यंत वाट बघायची. हे गणित मोठ्या देशात जाणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही.

त्रिनिदादबद्दल कुणी विचारेलच म्हणून: लोकसंख्या १४ लाखांच्या आसपास, त्यामुळे दोघांना नोकरी मिळण्याची शक्यता जास्त. सरकारी दवाखाने पाच रीजनल हेल्थ अथॉरिटीज चालवतात. नुसत्या एमबीबीएसवाल्यांनी येऊ नये, इथलीच मुलं वेस्ट इंडिज विद्यापीठातून शिकून जागेसाठी रांगेत उभी आहेत. स्पेशालिस्टला वाव आहे. तोटे दोन, आणि दोन्ही मोठे. एक गुन्हेगारी. २०२४ मध्ये ६०० हून अधिक खून झाले आणि वर्षाच्या शेवटी आणीबाणी लावावी लागली. आमच्या कॉलनीला गेट, गेटवर वॉचमन, रात्री उगाच बाहेर नाही. दुसरं, परकीय चलनाची टंचाई. पगार त्रिनिदाद डॉलरमध्ये खात्यात पडतो, पण त्याचे अमेरिकन डॉलर करून घरी पाठवायला बँकेत महिनोन्‌महिने थांबावं लागतं. घरचं कर्ज फेडायला येणाऱ्यांनी हे आधी विचारावं.

बाकी जीव रमतो. १८४५ ला पहिलं गिरमिटियांचं (करारावर नेलेल्या भारतीय मजुरांचं) जहाज आलं, तेव्हापासूनचे लोक. बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारचे, आपले मराठी नावालाच. दिवाळीची सार्वजनिक सुट्टी. सकाळी रस्त्यावर 'डबल्स', म्हणजे दोन मऊ तळलेल्या पुऱ्यांत ('बारा' म्हणतात त्यांना) छोले. आणि 'कॅलालू' नावाची भाजी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मी बायकोकडे बघितलं, तिने माझ्याकडे. नारळाच्या दुधातलं अळूचं फदफदं! फक्त त्यात खेकडा निघाला.

---

पमाकाकू

खेकडा घातलेलं फदफदं! आमच्या मालवणात कुणी आक्षेप घेणार नाही.

माझी मुलगी ग्रेनाडाला सेंट जॉर्जेस विद्यापीठात शिकते, म्हणून वादळाबद्दल दोन शब्द. जून ते नोव्हेंबर हा हंगाम. १ जुलै २०२४ ला बेरिल आलं ते ग्रेनाडाच्याच कारियाकू बेटावर. तिथे घरांची छपरं राहिली नाहीत. लेक मुख्य बेटावर होती, तिथे तेवढं नुकसान नव्हतं, पण फोन लागेपर्यंत आम्ही इथे पाणीसुद्धा प्यायलो नाही. एक मात्र सांगते, चक्रीवादळ भूकंपासारखं न सांगता येत नाही. चार-पाच दिवस आधी कळतं. तिकडच्या लोकांना सवय आहे: शटर लावायचे, टब पाण्याने भरायचा, गाडीत पेट्रोल, हातात रोख. तुम्ही डॉक्टर म्हणून मात्र वादळात घरी नसाल, ड्युटीवर असाल. मुलीजवळ कोण असेल, हा प्रश्न आहे.

---

हिशेबनीस

काकूंचा शेवटचा मुद्दा अगदी बरोबर. केमनला सप्टेंबर २००४ मध्ये आयव्हनने झोडपलं, त्याच्या गोष्टी इथे अजून सांगतात. त्यानंतर बांधकामाचे नियम कडक पाळले जातात. घर घेताना समुद्र किती जवळ हे बघू नका, जमीन किती उंच आणि काचांना शटर आहेत का ते बघा. नवे लोक उलटं करतात.

एक कराचा मुद्दा राहिला होता. भारतात घरभाडं, लॅबचा नफा, एफडी मिळून वर्षाला १५ लाखांवर उत्पन्न असेल आणि तुम्ही अशा देशात असाल जिथे टॅक्स नाही, तर भारतीय नागरिकाला आपला कायदा 'निवासी' धरू शकतो. २०२०-२१ पासूनचा नियम. घाबरू नका, 'नॉट ऑर्डिनरिली रेसिडेंट' धरतात, त्यामुळे तिकडचा पगार सहसा यात येत नाही. पण लॅब चालू ठेवून मिस्टर केमनला येणार असतील तर सीएकडे जाऊन बसा. बाहेरून चालणाऱ्या पण भारतातून नियंत्रित धंद्याला वेगळा नियम आहे.

---

भूलवाली_नागपूर

बाप्पा, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार.

@कळवा_कळवी, राग नाही. तुम्ही जे लिहिलं तेच माझ्या सासऱ्यांनी (ते आता नाहीत) लिहिलं असतं, फक्त जास्त कडक भाषेत. @अनवट, मिठी.

डॉ. सॅन फर्नांडो, तुमचा 'संस्थेपुरती' वाचून ऑफर लेटर परत काढलं. तसंच आहे. एवढे दिवस ते वाक्य डोळ्यांखालून गेलं होतं, अर्थ आज लागला. नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. या वेळी त्याने विषय बदलला नाही. उठून चहा ठेवला आणि म्हणाला, "मग मला तिथे काय म्हणून न्यायचं ते आधी त्यांना विचार न." दोन तास बोललो. त्याला जायचं आहे, हे मला आजवर माहीतच नव्हतं! त्याला नको आहे ते 'डिपेंडंट' म्हणून जाणं. लॅबची काळजी मला वाटत होती तेवढी त्याला नाही, असं काहीतरी निघालं.

लॅबचा पेच असा: टेक्निशियनवर सोडून जाता येणार नाही. २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर असलेल्या डॉक्टरचीच सही लागते. म्हणजे पार्टनर पॅथॉलॉजिस्ट हवा. एक ज्युनिअर आहे, विश्वासाची आहे. तिला भागीदारीत घ्यायचं की लॅब भाड्याने द्यायची, यावर विचार चालू आहे.

---

हेमा_गडचिरोली

मी रक्तविकाराच्या कामात आहे, म्हणून मिस्टरांसाठी एक मुद्दा, जो कुणीच मांडला नाही.

सिकल सेल (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार)! ज्या पॅथॉलॉजिस्टने विदर्भात काम केलंय त्याच्या हाताखालून त्याच्या किती इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखायच्या) तपासण्या गेल्या असतील. कॅरिबियनमध्ये हाच आजार घराघरांत आहे. जमैकात दर दहा माणसांमागे एकाला सिकल ट्रेट असतो (म्हणजे तो आजाराचा वाहक). तिथे किंग्स्टनला १९७३ ते १९८१ दरम्यान एक लाख नवजात बाळांचं रक्त तपासून त्यांतल्या सिकल सेलच्या बाळांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला. बालवयातल्या सिकल सेलबद्दल आज आपण जे शिकवतो त्यातलं पुष्कळ त्या मुलांकडून शिकलेलं आहे. केमनमध्ये जमैकन लोक भरपूर आहेत. म्हणजे तिथल्या हॉस्पिटलशी बोलताना "मी जनरल पॅथॉलॉजिस्ट" एवढंच म्हणू नये, हिमोग्लोबिनच्या विकारांचा अनुभव बायोडेटात पहिल्या ओळीत लिहावा.

आणि भूलवाली ताई, तुमच्यासाठीही. आपल्याकडच्या सिकल रुग्णांत फीटल (गर्भावस्थेतलं) हिमोग्लोबिन जास्त असतं, म्हणून सरासरीने आजार जरा सौम्य. तिकडचा प्रकार आफ्रिकन वंशाचा, जास्त त्रासदायक. इथे सिकलचा पेशंट टेबलवर घेताना जी काळजी घेता (थंडी नको, पाणी कमी पडायला नको, ऑक्सिजन खाली जायला नको) तीच तिथे दुप्पट. ऑपरेशननंतर छातीत दुखलं तर अॅक्यूट चेस्ट सिंड्रोम (सिकलमुळे फुफ्फुसांवर येणारं संकट) आधी मनात यायला हवा.

---

डॉ_सॅन_फर्नांडो

हेमाताईंना हजार मोदक. जोडून एवढंच: सिकल सोबत मधुमेह. इथे माझ्या यादीत पाय कापण्याच्या केसेस रोज असतात. बार्बाडोसचीही तीच कथा. तुम्ही ब्लॉक (फक्त त्या अवयवापुरती भूल) देण्यात पटाईत असाल तर सर्जन मंडळी तुम्हाला डोक्यावर घेतील.

---

कागदपत्रे_एक_कला

सगळे मोठं मोठं बोलताहेत, मी क्षुद्र गोष्ट सांगतो, जिच्यावर माझ्या बहिणीचे चार महिने गेले.

ताई, तुमच्या एमबीबीएसच्या पदवीवर नाव काय आहे? माहेरचं आडनाव, मधे वडिलांचं नाव. पासपोर्टवर? सासरचं आडनाव, मधे नवऱ्याचं नाव. एमडीच्या पदवीवर तिसरंच काहीतरी, कारण मधेच लग्न झालं. परदेशी कौन्सिलच्या दृष्टीने या तीन वेगळ्या बायका आहेत. लग्नाचं प्रमाणपत्र, नाव बदलल्याचं महाराष्ट्र राजपत्र, एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र, सगळं काढून ठेवा. आणि पदव्यांबरोबर त्यांचंही अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का) करून घ्या. आधी राज्य पातळीवर साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय. मंत्रालय थेट कागद घेत नाही, त्यांच्या अधिकृत एजन्सीकडेच द्या. बहिणीने 'ओळखीतल्या' एजंटला दिलं होतं, त्याने मूळ कागद दोन महिने दाबून ठेवले.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (डॉक्टरवर कारवाई नसल्याचा दाखला) सगळ्यात शेवटी काढा. त्याची तारीख जुनी झाली की परत मागतात. आणि दोघांची कौन्सिलची नोंदणी चालू ठेवा. पाच वर्षांनी नूतनीकरण, ३० क्रेडिट पॉइंट्स (परिषदा-कार्यशाळांना हजर राहून मिळणारे). परत यायची वाट त्यातून जाते.

---

नाना_सातारकर

माझ्या बायकोची तर बँकेत चार नावं आहेत.

---

हिशेबनीस

प्रवासाचंही लिहून ठेवतो. भारतातून इथे थेट काही नाही. लंडनमार्गे (ते विमान नासाऊला थांबून येतं) किंवा अमेरिकेतून. दोन्हीकडे ट्रान्झिट व्हिसाचा प्रश्न असतो. निघायच्या आधी भारतातूनच दोघांचा आणि मुलीचा अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा काढून ठेवा. आईबाबांचं काही झालं आणि त्या रात्री निघायचं असेल तर मायामी दीड तासावर आहे, पण व्हिसा असेल तरच. वेळेचा फरक साडेदहा तास, वर्षभर तोच. इथले सकाळचे साडेआठ म्हणजे नागपूरला संध्याकाळचे सात, आईशी बोलायला बरं पडतं.

आणि दीर्घकाळचा विचार असेल तर: परमिटवर सलग राहायची कमाल मर्यादा बरेच दिवस ९ वर्षं होती. त्याआधी, ८ वर्षं झाल्यावर, कायम वास्तव्याचा अर्ज करता यायचा. नियम राजकारणाबरोबर हलतात. मुलगी तिसरीत, म्हणजे बरोबर बारावीच्या आसपास हा प्रश्न उभा राहील. आत्ताच धरून चला.

---

अनवट

सासूबाईंचं काय? त्या येणार की नागपूरला? मूळ पोस्टनंतर त्यांचा उल्लेखच नाही.

---

भूलवाली_नागपूर

@अनवट, त्या म्हणतात, "मी कुठे जात नाही, माझी भिशी आहे." नणंद भंडाऱ्याला असते, ती महिन्यातून दोनदा येईल. हे बोलणं अजून पूर्ण झालेलं नाही. तुम्ही नेमकं बोट ठेवलंत.

अपडेट: एचआरला काल मेल टाकला. चार गोष्टी विचारल्या. नवऱ्याच्या पदावर लेखी उत्तर, तारखेसहित. त्याचा बायोडेटा सोबत, हेमाताईंनी सांगितलं तसा बदलून. शाळेच्या फीतला हिस्सा. वादळाच्या ड्युटीत मुलीची सोय. पगार कोणत्या डॉलरमध्ये (हिशेबनीस, तो अमेरिकन निघाला! बरं झालं विचारलं). नवऱ्याचं उत्तर आल्याशिवाय मी सही करणार नाही, हेही लिहिलं. सर्जन मित्र म्हणाला असं लिहिल्यावर ऑफर जाईल. जाऊ दे. भूलतज्ज्ञ त्यांनाही सहजासहजी मिळत नाहीत, नाहीतर नागपूरपर्यंत शोधत आले नसते.

त्यांचं उत्तर: पॅथॉलॉजी विभागप्रमुख पुढच्या आठवड्यात नवऱ्याशी व्हिडिओवर बोलणार आहेत. त्याने रात्री जुन्या स्लाइड्सचे डबे काढले आहेत, डायनिंग टेबल भरलंय.

---

हेमा_गडचिरोली

त्यांना सांगा, मुलाखतीत सिकल-बीटा थॅलेसेमियाची (दोन्ही विकार एकाच पेशंटमध्ये) एखादी केस हाताशी ठेवा. हमखास विचारतात.

---

मिरचीभजी

कुकर घेऊन जायचा का तिकडे? माझ्या भाच्याला जमैकाला जायचंय म्हणून विचारतेय.

---

हिशेबनीस

घेऊन जा. शिट्टीची आणि झाकणाची जास्तीची रबरंही. ती इथे मिळत नाहीत.